पत्रक इसाकनं लिहिलं होतं

इसाक गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिळफाट्यावर भाजी घेत होतो. त्याचं शिलाईचं दुकान तिथून शंभर पावलांवर. मी धावलो नाही. मला राग आला होता... भांडण अर्धं टाकून गेला.

तरुणपणी आम्ही दोघं एकाच कारखान्यात. संप झाला तेव्हा एक पत्रक निघालं. आम्हाला पुढारी नको, आमचं आम्ही बोलू, असं त्यात होतं. गेटावर ते मी वाटलं, म्हणून लोक समजले, मीच लिहिलं. तिसरी शिकलेला माणूस आणि असं लिहितो! सगळ्या खालापुरात माझं नाव झालं. मी ते होऊ दिलं. लिहिलं होतं इसाकनं.

म्हातारपणी त्याला मोबाईलवर खजिनाच सापडला. परदेशातल्या कामगारांची जुनी पत्रकं, चोपड्या, सगळ्याचे फोटो काढून ठेवलेले, कुणीही वाचावेत. मालक नको, सरकार नको, आपसात ठरवू म्हणणारी माणसं. फोन त्याचं वेडंवाकडं मराठी करून द्यायचा आणि इसाक मशीन थांबवून मला वाचून दाखवायचा.

“बघ रं, ही पण आपल्यासारखीच येडी व्हती.”

“मालक नको, तर या दुकानाचा मालक कोण?”

“बायको!”

मग एक दिवस म्हणाला, आपलं पत्रक पण तिकडं धाडू. एकच प्रत उरली होती, माझ्या ट्रंकेत. मी नाही म्हणालो. तिथं लिहिणाऱ्याचं नाव विचारतात, हे त्यानंच सांगितलं होतं.

“नावाची जागा रिकामी ठेवू रं,” तो हळूच म्हणाला. “यातल्या कितीकांवर नाव नाय. नाव आलं की पुढारी आला.”

म्हणजे मला झाकायला निघाला होता! इतकी वर्षं गप्प, आणि वर ही दया... चहा तसाच टाकून उठलो. परत गेलो नाही.

चाळिसावा झाल्यावर पत्रक घेऊन गेलो. त्याच्या मुलीनं, रुक्सानानं, फोटो काढला, फोनवर रकाने भरले. नावापाशी थांबली.

“अब्बा म्हणायचे, रिकामं ठेव.”

“त्याला काय कळतंय! लिव इसाक. बापाच्या नावासकट लिव.”

“आणि तुमचं, चाचा?”

“माझं लय मिरवून झालं.”

तिनं लिहिलं. मी तीनदा वाचायला लावलं.

त्या पत्रकापायी इतकी वर्षं ज्यांनी मला मान दिला, त्यांनी तो परत न्यावा. मी घरीच असतो.