कॅलमसाठी वर केलेला हात

आज कॅलमला जाऊन सव्वीस वर्षं झाली. त्याला आयुष्यात मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी खोटी होती.

ती मी दिली होती.

मला लिहिता-वाचता येत नाही. मी बोलतेय, नात सई टाइप करतेय. मधूनच थांबून माझ्याकडे बघतेय. बघू दे.

दरवर्षी आजच्या दिवशी माझा नितीन कॅलमचा फोटो टाकतो. खाली लिहितो, "माझ्या आईने स्वतःच्या मुलाला बाजूला ठेवून याला निवडलं." आणि तुम्ही सगळे खाली हार्ट टाकता.

या वर्षी हार्ट जरा हातातच ठेवा.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. ग्लासगो. नितीन कॉलेजच्या टीममधून अमेरिकन फुटबॉल खेळायचा. राहायचं स्कॉटलंडमध्ये, खेळ अमेरिकेचा, आणि खेळणारा आमचा साताऱ्याचा!

बघायला माणसं किती? फार तर वीस. वर दोन कुत्री.

या खेळात चेंडू फेकतो तो क्वार्टरबॅक. समोरचे सगळे आडदांड त्याच्याच अंगावर उड्या घेतात. मला खेळ कळला तो एवढाच.

आमचा क्वार्टरबॅक नितीन. त्याच्या बदली म्हणून बाकावर बसायचा तो कॅलम. लाल केसांचा, काटकुळा, सारखा सॉरी म्हणणारा.

टीमचे शर्ट धुवायचं काम मी अंगावर घेतलं होतं. आमचं मशीन नवीन होतं ना, मिरवायला नको?

त्यामुळे कुणी किती मार खाल्ला ते मला बरोबर कळायचं. नितीनच्या शर्टाला पाठभर चिखल, कोपराला रक्त.

कॅलमचा शर्ट जसा जायचा तसा परत यायचा. मी तो उगाच धुवायचे.

नितीन कठडा धरून जिना चढायला लागला. विचारलं की एकच. "आय ॲम फाइन, आई."

मग आम्ही ओळीने तीन मॅच हरलो. तिसरीनंतर मैदानाशेजारच्या शेडमध्ये चहा पिताना भांडण जुंपलं.

चिप शॉपवाला जिमी म्हणाला, "हा पोरगा चेंडू धरून असा उभा राहतो, जसं काही बसची वाट बघतोय. कॅलमला घ्या!"

आमचे हे बस ड्रायव्हर. ते कसले गप्प बसतात! "बस वेळेवर येते माझी! त्याला राखणारी पुढची पोरं चाळणीसारखी गळतात, त्याला नितीन काय करणार?"

"कॅलम पळतो तरी."

"पळतो. कुठे पळतोय ते त्याला ठाऊक असतं का?"

कोच वैतागला. म्हणाला, "एकदाचे हात वर करा, संपवून टाकू."

नितीनसाठी आठ. कॅलमसाठी आठ. उरले मी, किटली धरून.

जिमी म्हणाला, "बोल, हेन." इकडे बाईला प्रेमाने कोंबडी म्हणतात. मी कधीच मनावर घेतलं नाही.

मी कॅलमसाठी हात वर केला.

मग टाळ्या! जिमीचे डोळे भरून आले. "अशी न्यायी बाई मी जन्मात पाहिली नाही."

बसमध्ये हे एवढंच म्हणाले, "अगं, पोटचा पोरगा आहे तुझा."

नितीन म्हणाला, "आई, तू पण?" आणि ख्रिसमसपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही.

न्याय कसला डोंबलाचा!

मला माझा पोरगा बाकावर बसलेला हवा होता. त्याच्या जागी दुसऱ्या कुणाचा पोरगा आपटला तर आपटू दे. डोक्यात एवढंच होतं.

पुढच्या आठवड्यापासून नितीनचा शर्ट कोरा यायला लागला, कॅलमचा चिखलाने भरून. मी मशीनपुढे उभी राहून खूश व्हायचे. खोटं कशाला सांगू?

पाचव्या मॅचनंतर कॅलमचा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत आला. हॉस्पिटलमध्ये कात्रीने उभा कापलेला.

तिघं एकदम पडले होते त्याच्यावर. कमरेचा मणका गेला.

दोन ऑपरेशनं झाली. कॉलेज सुटलं. काठी आली, मग गोळ्या, मग बाटली.

रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. "मिसेस पी, आज तिखट बेताचं ना?" म्हणायचा आणि लोणचं मागून घ्यायचा.

जेवताना नितीनला चिडवायचा. "तुझ्या आईने तुला सोडून मला घेतलं, लक्षात ठेव." नितीनचा राग कधीच गेला होता. तोही हसायचा.

एकदा मात्र आम्ही दोघंच होतो. तेव्हा हळूच म्हणाला, "मला कुणी कधी कशासाठी निवडलं नाही, मिसेस पी. तुम्ही निवडलंत. वाईट दिवस असला की मी तेच आठवतो."

मी त्याच्या ताटात आणखी एक चपाती वाढली.

सांगितलं असतं तर त्याच्याकडे काय उरलं असतं? आणि न सांगता त्याच्यासमोर बसायचं तरी कसं? याच्यात दहा वर्षं गेली.

शेवटी न्यूमोनिया झाला. अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं. जेमतेम तिशीचा होता. मी भेटायला गेले तर नर्सला म्हणाला, "हीच ती. मी सांगितलेली."

नर्सने माझा हात हातात घेतला.

तेव्हाही मी त्याचं पांघरूण सारखं केलं आणि घरी आले.

दोन दिवसांनी तो गेला.

सई विचारतेय, "आजी, बाबा वाचतील हे. टाकू?"

टाक.

कॅलम, तू चांगला खेळायचास का, मला आजही सांगता यायचं नाही. मी तुझ्याकडे कधी बघितलंच नाही. माझं सगळं लक्ष नितीनकडे असायचं.

आणि आज कुणी पुन्हा हात वर करायला सांगितले, तरी मी तुझ्यासाठीच करीन.

म्हणून माफी मागत नाही रे.

जा, बाळा. मिसेस पीची तुला श्रद्धांजली.