ढोलीतली डबी

माझा स्वभाव जन्माचा संशयी. चामोर्शीच्या बाजारात वांगंसुद्धा मी चारदा उलटून बघतो. गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टरनं पडद्यावर माझं हृदय दाखवलं, फुगून ढिलं पडलंय, पंपिंग कमी झालंय म्हणाला, तेव्हाही मी पडद्याऐवजी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. ऑपरेशन नको, गोळ्यांवर भागेल, पण त्या जन्मभर घ्यायच्या. बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत, सोडल्या तर माणूस उभ्याउभ्या जातो. आता बरं वाटल्यावर औषध कशाला? इथं कुठंतरी पाणी मुरतंय असं मला वाटलं.

शेजारच्या खाटेवर माझ्याच दुखण्याचा, माझ्याच वयाचा एक धानाचा शेतकरी होता. आमचं लगेच जमलं. डॉक्टर वळला की आम्ही एकमेकांकडं बघायचो. घरी जाताना फोन नंबर घेतले.

घरी आलो तर गोळ्यांनी अंगातलं त्राणच गेलं. उठलं की भोवळ, आणि दिवसभर लघवीला पळापळ. सुरुवातीला असं होईल, काही आठवडे कळ काढा, हे डॉक्टरनं सांगितलं होतं. मला ती त्यानं आधीच शोधून ठेवलेली पळवाट वाटली. दहाव्या दिवशी मी गोळ्या बंद केल्या. बायकोसमोर पाकिटातून काढायचो, पाणी प्यायचो आणि गोळ्या मुठीतच ठेवायचो. तंबाखूची एक रिकामी डबी होती, तीत त्या टाकायचो आणि डबी घरातल्या धान साठवायच्या ढोलीत, म्हणजे बांबूच्या मोठ्या कणगीत, कोपरापर्यंत हात घालून पुरायचो. ही जागा कुणाला सापडणार नाही याची मला खात्री होती.

आठवड्यात पाय पुन्हा सुजले. मी घाबरलो, पण बोललो नाही. तेवढ्यात बायकोनं सकाळच्या आंबिलीत कसलीशी कडू भुकटी घालायला सुरुवात केली. मी वास घेतला. पहिला पेला कोंबड्यांपुढं ठेवून बघावा असंही मनात आलं. काय घातलंस म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "विचारू नका. नाव घेतलं का गुण जाते."

हा आमच्याकडचा जुना नियम. जंगलातली मुळी देणारा तिचं नाव सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. बायकोचं माहेर जंगलाला लागून, तेव्हा मी काय ते समजलो. डॉक्टरपेक्षा मुळी बरी, निदान आपल्या मातीतली तरी, म्हणून पीत गेलो. लघवी पुन्हा वाढली, थोडी भोवळही आली, पण तो मला मुळीचा जोर वाटला. हळूहळू सूज उतरली. विहिरीपर्यंत न थांबता जाऊ लागलो.

मग मी दवाखान्यातल्या त्या मित्राला फोन केला. गोळ्या कधीच सोडल्यात आणि ठणठणीत आहे, असं छाती फुगवून सांगितलं. मुळीचं मात्र बोललो नाही. बोललो असतो तर गुण गेला असता ना.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. पंपिंग चांगलं सुधारलंय, गोळ्या नियमित घेतलेल्या दिसतात, असं डॉक्टर खूश होऊन म्हणाला. मी मान डोलावली आणि मनात हसलो. बाहेर बाकावर बसल्यावर बायकोला म्हटलं, आता तरी त्या मुळीवाल्याचं नाव सांग, माझ्या मित्रालाही घेऊन जाऊ.

तिनं पिशवीतून तंबाखूची डबी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"मुळी कुठची? तुमच्याच गोळ्या हाय. धान काढताना हाताले डबी लागली. गावातल्या आशाताईकडून दवाखान्यात विचारून घेतलं, बारीक करून चालते का म्हणून. तुमी टाकत गेले, मी काढत गेली."

आमच्याकडं ढोलीत धान भरतो पुरुष, पण रोजचं काढते बाई. आणि मी नेमका तिथंच लपवायला गेलो. सहा महिने रोज गोळ्या टाकूनही डबी भरत का नाही, असा संशय मला एकदाही आला नाही. आधी राग आला, मग एवढी लाज वाटली की तिच्याकडं बघवेना. आणि मग तो फोन आठवला.

मी तिथूनच मित्राला फोन लावला. त्याच्या बायकोनं उचलला. ते गेले म्हणाली, धान रोवण्याच्या वेळी बांधावरच कोसळले, पंधरा दिवस झाले. मी माझं नाव सांगितलं. मग तिनं विचारलं, "तुमचा फोन आला आन् त्याईनं गोळ्या सोडल्या, भाऊ. तुमी कसे हाय?"

बरा आहे, एवढंच मी म्हणालो.

फोन ठेवला आणि बायकोपुढं हात केला. तिनं डबीतली गोळी दिली, पाण्याची बाटली दिली आणि मी गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तोंड उघडा."

मी उघडलं.