कळंबेबाईंचे रविवारचे इंजिनिअर

"मला सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हायचं आहे," असं म्हणत कुणी ओसरीवर चढला की कळंबेबाई त्याचं नाव विचारत नसत. "राजीनामा देला का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. हो म्हटलं की कपाळाला हात लावायच्या, नाही म्हटलं की सतरंजीकडे बोट दाखवायच्या. मी म्हणालो, "या महिन्यात देणार आहे." बाई म्हणाल्या, "देऊ नको. घरची चूल थंडी असली का डोक्यात काई शिरत नाई. बस तिकडं." नाव त्यांनी तिसऱ्या रविवारी विचारलं, आणि ते ऐकून घेऊन पुढेही मला 'गुरुजी'च म्हटलं.

मी तेव्हा सौंसरच्या एका खाजगी शाळेत बारा वर्षं भूगोल शिकवत होतो. शाळेचा वीट आला होता, आणि 'मास्तर' या शब्दाचा त्याहून जास्त. लग्नाच्या पंगतीत कुणी "काय मास्तर!" अशी हाक मारली की घास कडू व्हायचा. त्यात पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण झालं आणि आमच्या भागातल्या महत्त्वाकांक्षांनाही बढती मिळाली. कापसाच्या जिनिंगमधला वजनकाटेवाला, ब्यूटी पार्लरवाली, विम्याचा एजंट, सगळ्यांना मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून एकदमच उमगलं की आपला जन्म कोडिंगसाठी होता, मधली वर्षं उगाच वाया गेली. अशी सगळी मंडळी दर रविवारी सकाळी नऊला पांढुर्ण्यातल्या कापूस बाजारामागच्या बाईंच्या ओसरीवर जमायची.

बाईंनी पुण्याच्या एका कंपनीत उभी हयात टेस्टर म्हणून काढली होती. टेस्टर म्हणजे दुसऱ्याच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणारा माणूस. निवृत्त होऊन त्या माहेरच्या गावी परतल्या. "पगार घेऊन लोकायचे दोष काढले, आता फुकटात काढून राहिली," असं त्या सांगायच्या. फी नव्हती. चहाही नव्हता. "चहा पाजला का माणसं चहासाठी येतात," हे त्यामागचं शास्त्र.

आमच्यात विलास नावाचा संत्र्याचा दलाल होता. आमच्याकडे व्यापारी झाडाखाली उभा राहून वर पाहतो आणि सगळ्या बगीच्यात माल किती निघेल ते नुसत्या नजरेनं सांगतो. सौदा त्या अंदाजावर होतो. विलासची नजर पंचक्रोशीत नावाजलेली. त्यानं आपला पहिला मोठा प्रोग्राम लिहून आणला.

"चालवून पाह्यला का?" बाईंनी विचारलं.

"चालवाचं काय बाई, पाह्यला ना. दीडेकशे ओळी हायत. नऊ चुका निघतीन."

बाईंनी तासभर खपून चुका काढल्या. बरोबर नऊ निघाल्या. ओसरीवर टाळ्या झाल्या आणि विलासनं मिशीवरून हात फिरवला. बाई शांतपणे म्हणाल्या, "वा. आता त्या कुठं होत्या ते सांग." विलासला एकही सांगता आली नाही. "बगीचा अंदाजानं घेता येते, दलाल. इथं एकेक झाड चढा लागते." विलास हसला, खजील झाला, आणि पुढचे कित्येक महिने खरोखरच एकेक झाड चढत राहिला.

माझा आजार वेगळा होता. मुलाखतीत विचारतात ते दोनशे प्रश्न आणि त्यांची उत्तरं मी दोन रंगांच्या शाईनं वहीत उतरवली होती आणि तोंडपाठ केली होती. बारा वर्षं पोरांकडून हेच तर करून घेतलं होतं. बाईंनी "लूप कायले वापरतात?" विचारलं की मी हाताची घडी घालून उभा राहायचो आणि 'एकच काम मशीनकडून पुन्हापुन्हा करून घेण्याची सूचना' अशी व्याख्या म्हणायचो. "छान," बाई म्हणायच्या, "आता शंभर पोरायची नावं एकाखाली एक छापून दाखव." मी व्याख्येचा दुसरा परिच्छेद म्हणायचो. "गुरुजी, असं बोलून पोरं पास होतात. मशीन लय ढ हाय. तिले पाठांतराचं कौतुक नाई."

पुढे नागपूरच्या एका कंपनीतून बाईंना फोन आला. तिथले साहेब कधीकाळी त्यांच्या हाताखाली होते आणि त्यांच्या शब्दावर माणसं घ्यायला तयार होते. बाई फोन नेहमी स्पीकरवर ठेवायच्या, कारण पाठीमागे बोलणं त्यांना आवडत नसे. विलासबद्दल म्हणाल्या, "घे." माझ्याबद्दल म्हणाल्या, "पाठांतर एक नंबर. काम येत नाई." सात जणांसमोर. मी चपला घातल्या आणि निघालो. सौंसरच्या बसमध्ये मनातल्या मनात त्यांना जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या मी बारा वर्षांत मुख्याध्यापकांनाही दिल्या नव्हत्या.

दोन महिन्यांत मला नागपुरात एक क्लासवाला भेटला. त्यानं एक दाखला दिला: मी तीन वर्षं एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर होतो. कंपनी कुठे होती ते देव जाणे, शिक्का मात्र टपोरा होता. असला कागद शहाणा माणूस गुपचूप वापरतो. मी मास्तर, मी तो लॅमिनेट करून घेतला, आणि बाईंची जिरवायला पांढुर्ण्याला गेलो.

बाईंनी तो चष्मा पुसून वाचला. "ही तीन वर्षं तू कंपनीत होता, मग शाळेत हजेरी कोन घेत होतं?"

"शाळेचं लिहायचं नाही म्हणतात, बाई. वाईट दिसतं."

"म्हंजे बारा वर्षं खरी खोडली आन तीन खोटी घेतली." बाई हसल्या. "असा घाट्याचा सौदा आपल्या विलासनंबी केला नसता." मग कागद माझ्या हातात देत म्हणाल्या, "तुले इंजिनिअर नाई व्हाचं, गुरुजी. तुले मास्तर नाई राहाचं. या दोन अलग गोष्टी हायत."

मला राग यायला हवा होता. आलं रडू.

कागद मी तिथेच फाडला असं लिहायला आवडलं असतं, पण लॅमिनेशन हातानं फाटत नाही. तो महिनाभर कपाटात राहिला, मग एक दिवस कात्रीनं कापला आणि पुन्हा सतरंजीवर जाऊन बसलो. वही घरी ठेवली. आणखी दीड वर्ष बाईंनी माझ्या चुका दाखवल्या नाहीत, फक्त "हाय कुठंतरी, पाह्य" एवढंच म्हणाल्या. मी पाहत राहिलो. मग नागपूरच्या दुसऱ्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो, अर्जात शाळेची वर्षं सगळ्यात वर लिहून. त्यांनी एक बिघडलेला प्रोग्राम समोर ठेवला. सातातल्या पाच चुका मला सापडल्या आणि नोकरी मिळाली, सगळ्यात खालच्या पायरीची. माझा साहेब माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा होता.

पेढे घेऊन गेलो तेव्हा बाईंनी एकच उचलला. "रविवारी येत जा. माझ्याच्यानं आता एकटीनं होत नाई." पहिल्यांदाच त्या काही मागत होत्या. "येणार म्हणजे काय बाई, येणारच," मी म्हणालो. दोन रविवार गेलो. नंतर नागपूरचा रविवार झोपेला आणि बाजाराला पुरेनासा झाला.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. त्यांच्या शिष्यांचा फोनवर एक ग्रुप होता. पुण्याहून, बंगळूरहून, हैदराबादहून श्रद्धांजल्या येऊ लागल्या. 'माझ्या गुरू', 'माझ्या दुसऱ्या आई'. सगळ्यात लांब मजकूर माझा होता. अंत्ययात्रेला मात्र शेजारपाजारचे लोक होते आणि रजा टाकून आलेला विलास होता. मला त्या दिवशी कंपनीत फार महत्त्वाचं काम होतं. काय होतं ते आता आठवत नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी बाईंच्या फोनवरून त्यांच्या शेजारणीनं ग्रुपवर लिहिलं, "ओसरीवर सहा जण येऊन बसले आहेत. बाई गेल्या म्हणून सांगितलं, तरी उठत नाहीत. काय करू?" खाली जोडलेल्या हातांची चित्रं पडू लागली. एक, पाच, वीस. मीही अंगठा स्क्रीनवर नेला होता. मला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती. फोन खिशात टाकला आणि स्टेशन गाठलं.

पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि सहातल्या दोघीच उरल्या होत्या. बाईंच्या खुर्चीत बसायचा धीर झाला नाही, मी सतरंजीवरच बसलो. तिगावहून आलेल्या, शिवणकाम करणाऱ्या एका बाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमी कोन?"

"मास्तर," मी म्हणालो. "दाखवा, काय लिहून आणलं ते."