बापाची झोकदार सही

धाराशिवहून परंड्याला जाणाऱ्या एसटीत साठीच्या एक बाई माझ्या शेजारी बसल्या. दर वाक्यानंतर त्या मांडीवर थाप मारायच्या.

"आज जिंकलं म्या," ओळख ना पाळख, त्यांनी सांगायला सुरुवात केली. बाप गेल्यावर भावानं मृत्युपत्र काढलं होतं. त्यात सगळी जमीन त्याच्या एकट्याच्या नावावर. बाई कोर्टात गेल्या आणि कित्येक वर्षं तारखांना येत राहिल्या.

"कागदावर बापाची झोकदार सही! जन्मभर अंगठा लावणारा माणूस. वकिलानं इचारलं, सही कुणाची? म्या म्हणलं, मेल्यावर शाळंत गेला असंल. जजसाहेब बी हसले."

मृत्युपत्र खोटं ठरलं आणि निम्मी जमीन बाईंची झाली.

"भाऊ लई चिडला असंल," मी म्हणालो.

"इचारा की. म्होरंच बसलाय."

पुढच्या सीटवरच्या माणसानं मान आणखी खाली घातली. भूमला गाडी थांबली तेव्हा तो वळला. "आक्का, तुझ्या वाट्याचं हक्कसोड करून दे. दर दिवाळीला साडीचोळी करतो."

बाईंनी फडकं सोडलं, भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातात दिली आणि तो घास घेईपर्यंत थांबल्या.

"साडीचोळी मीच करते तुझ्या बायकूला. हक्कसोड तू कर."

कंडक्टरसकट सगळी गाडी हसली. वाटा मागितला की बाईचं माहेर तुटतं, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. इथं तिचं माहेर पुढच्या सीटवर बसून मुकाट तिचीच भाकरी खात होतं.