दुधावरचे तात्या

आमच्या गावात दूध निघतं पुष्कळ आणि प्यायलं जातं चमचाभर. उजाडायच्या आत कॅन डेअरीच्या टेम्पोत चढतात, घरात उरतं ते चहापुरतं. वाढत्या पोरांना दूध पाहिजे हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून पोरं चहात बिस्किट बुडवून खातात. आवडीनिवडी मात्र संस्थानिकांच्या. आबासाहेबांना म्हशीशिवाय दुसरं दूध चालत नाही, जर्सीच्या दुधाला ते पांढरं पाणी म्हणतात, आणि त्यांच्या गोठ्यात म्हैस एक आणि जर्सी चार आहेत. झुंबरबाईसमोर शेळीच्या दुधाला वास येतो म्हणायची सोय नाही, ती पदर खोचून भांडायला उठते. आमच्या घरात नवऱ्याच्या ओठाला सायीचा धागा लागला तरी तो पेला खाली ठेवतो. मला साय आवडते, म्हणून संसार चाललाय.

अशा गावात एक माणूस पावणेदोन वर्षं निव्वळ दुधावर राहिला आणि तो आमच्याच भिंतीपलीकडचा. रामहरीतात्या.

तात्या कोणी साधुपुरुष नव्हेत. गर्भगिरीच्या पायथ्याच्या आमच्या कोरड्या पट्ट्यातली माणसं जे करतात तेच त्यांनी उमेदीची सगळी वर्षं केलं. दिवाळी झाली की मनकर्णाकाकूला घेऊन ऊसतोडीला जायचं आणि मढीच्या यात्रेच्या सुमाराला परत यायचं. ऊसतोडीत मुकादमाच्या तोंडी माणसं नसतात, कोयते असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कोणी सुखासुखी घेत नाही. तात्या आणि काकू हा आमच्या गावचा नावाजलेला कोयता होता. तो तोडायचा, ती मोळ्या बांधायची, आणि दोघं एका भाकरीचे दोन तुकडे करून बांधावर बसून खायची. चहा कोराच असायचा. राहात्याकडच्या उसात फिरताना दोन्ही बाजूंना गलेलठ्ठ गायी दिसायच्या, पण ते दूध दुसऱ्यांचं.

तर झालं असं की तात्यांचे उरलेसुरले दात हलायला लागले. मुलगा वैजनाथ केडगावला असतो, त्याचं टायरचं दुकान आहे. त्यानं तात्यांना बोलावून घेतलं आणि दवाखान्यात नेऊन सगळे दात एकदाच काढून टाकले. डॉक्टर म्हणाले, हिरड्या भरेपर्यंत दूध प्या. तात्या सुजलेलं तोंड घेऊन गावात परतले तो दिवस नेमका सप्ताहाच्या काल्याचा. पंगत बसली. तात्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला आणि पेल्याकडे बोट दाखवलं.

कीर्तनकार महाराज शेजारीच बसलेले. त्यांनी विचारलं, "काय हो, प्रसाद घेत नाही?"

तात्यांना बोलता येत नव्हतं. आबासाहेबांना येत होतं. माहिती नसलेल्या गोष्टीबद्दल ते कधीच कमी बोलत नाहीत. "तात्या दुधावर आहेत महाराज," ते म्हणाले.

"असं? किती दिवस?"

तात्यांनी हात वर आभाळाकडे केला. सूज कधी उतरेल ते देवाला माहीत, एवढाच त्याचा अर्थ होता.

"आजन्म! वा!" असं म्हणून महाराजांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून तात्यांच्या गळ्यात घातला.

सगळी पंगत उठून तात्यांच्या पाया पडली. मीही पडले, खोटं कशाला सांगू? ज्या माणसाला आयुष्यात कोणी 'बस' म्हणून सतरंजी टाकली नव्हती, तो डोळे विस्फारून बसला होता. सूज उतरेपर्यंत तात्या दुधाहारी होऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाई शेळीच्या दुधाचा तांब्या घेऊन दारात. मग आबासाहेबांच्या घरून म्हशीचं, तापवून बोटभर साय आलेलं. कोणी हळद घालून आणायचं, कोणी वेलदोडा. पोरगी परीक्षेला बसली की तांब्या, गाय गाभण राहिली की तांब्या. जी माणसं स्वतःच्या पोराला पेलाभर देत नव्हती ती तात्यांसाठी दूध काढून ठेवायला लागली. दुधाचं भांडं रिकामं परत देऊ नये, म्हणून काकू प्रत्येक तांब्या घासायची, त्यात साखरेचे चार दाणे टाकायची आणि ज्याचा त्याला पोचवायची. तात्या नुसते प्यायचे. आणि पिऊन झाल्यावर डोळे मिटून सांगायचे, आज गाईनं कांद्याची पात खाल्ली, आज म्हैस लसूणघासात चरली.

वैजनाथनं पुढं कवळी आणून दिली. हिरड्या भरल्या होत्या, सगळं ठीक बसत होतं. तात्यांनी ती डब्यात घालून कोनाड्यात ठेवली.

"बिनदाताचं जमतंय की," म्हणाले.

त्यांना ते दिवस आवडले होते हे मला भिंतीपलीकडून कळत होतं. नुसत्या दुधावर माणूस हलका होतो असं ते सांगायचे. पहाटे डोंगरावरचं धुकं खाली उतरून आमच्या गल्लीत यायचं. तात्या ओट्यावर घोंगडी पांघरून बसलेले असायचे, बाजूला तांब्या, डोळे अर्धे मिटलेले. त्या धुक्यात त्यांना काय काय दिसायचं. उसाला आलेले पांढरे तुरे, नजर जाईल तिथवर. त्यातून एक बैलगाडी चाललीय, बैलांच्या गळ्यात घुंगरं आहेत पण वाजत नाहीत. आमच्या कोरड्या ओढ्याला पूर आलाय तो दुधाचा, आणि त्यांची कधीच गेलेली आई ओढ्यात पाय सोडून बसलीय, पायाला ओलं लागत नाही. ऐकायला चार माणसं जमायची आणि ऐकता ऐकता तीही हळू बोलायला लागायची. मी अंगण झाडायचं सोडून झाडू तसाच धरून उभी राहायचे. सकाळची कामं पडलेली असायची, पण हलावंसं वाटायचं नाही.

"आन् लांबून ढोल ऐकू येतो," तात्या सांगायचे. "मढीच्या यात्रेतला असावा. एका लयीत. तो वाजतोय तवर मला दिसतंय, थांबला की संपलं."

माणसं हात जोडायची. मला मात्र तो ढोल चांगला माहीत होता. आतल्या खोलीत काकू बाजरीची भाकरी थापत असायची. थप, थप, थप. थाप थांबायची, भाकरी तव्यावर पडायची, आणि तात्या डोळे उघडायचे. मी कोणाला बोलले नाही. एवढं छान चाललेलं कोण मोडणार?

पण काकूचं काही छान चाललेलं नव्हतं.

तिला गावात सगळ्या बाया म्हणायच्या, नशीबवान गं बाई तू, साधूच्या घरात नांदतेस. ती तोंड वाकडं करायची. संध्याकाळी भाकरी करून चुलीसमोर भिंतीकडं तोंड करून एकटीच बसायची. सुरुवातीला सवयीनं दोन भाकऱ्या व्हायच्या, दुसरी गाईला जायची. मग एकच व्हायला लागली. मग त्यातलीही अर्धी उरायची. काकू दिसण्यासारखी वाळली. एकदा मी ठेच्याची वाटी घेऊन गेले तर म्हणाली, "ठिव तिकडं. समोर खानारं कोनी नसलं का घास तोंडात नुस्ता फिरतो बाई. उतरत न्हाई."

"मग सांग की त्यांना."

"सांगितलं न्हाई व्हय? कवळी धुवून ताटात ठिवली हुती. म्हनले, लोक काय म्हनतील? मी म्हनलं, लोकांसंगं लगीन लावलं हुतं का माज्यासंगं?"

"मग?"

"मग काय, दूध पिले आन् डोळे मिटले."

मला तात्यांचा राग यायचा तो असा. आणि सकाळ झाली की पुन्हा झाडू धरून त्यांचं ऐकत उभी राहणारी मीच. माझा तरी काय भरवसा!

गेल्या माघातली गोष्ट. थंडी चांगली होती, ओट्यावर सात-आठ जण बसले होते. आबासाहेबांनी विचारलं, "तात्या, दुधाची ही ओढ पयल्यापासूनच हाय का?"

तात्यांनी डोळे मिटले. "पयल्यापासून. राहात्याच्या बाजूला तोडीला हुतो. माज्या पाचटाच्या कोपीसमोर एक बाई आली, पांढरं लुगडं नेसलेली. भरला तांब्या माज्या हातात दिला. मी तिथंच उभ्यानं पिलो. तसं दूध पुन्यांदा मिळालं न्हाई. ती बाई कोन हुती, तेबी कळलं न्हाई."

कोणीतरी 'माउली' म्हणालं. तेवढ्यात काकू दारात आली. हात पिठाचे होते.

"तुमी कुटं पिलता?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला तापानं उटवत नव्हतं. मुकादम म्हनला, अर्धा कोयता मला चालत न्हाई, घरी जा. तुमी म्हनले, ती कोपीत निजलीय म्हंजी कोयता पुरा हाय, आन् दोगांचं काम एकट्यानं केलं. सांजचं वस्तीवर जाऊन तांब्याभर दूध मागून आनलं. पीठ मळून भाकरी थापली, वाकडीतिकडी. ती त्या दुधात कुस्करून मला भरवली. तुमी तांब्या इसळून पानी पिला हुता. ती बाई वस्तीवरची हुती, आन् तिचं लुगडं हिरवं हुतं."

तात्यांना खरोखरच आठवत नव्हतं. पावणेदोन वर्षं ते धुक्यात इतके लांब गेले होते की त्या तांब्यातून काकू पुसली गेली होती आणि भाकरीही. तिनं क्षणभर वाट पाहिली, मग आत गेली. ओट्यावरचं एकेक माणूस काम आठवून उठलं.

मला त्या दिवशी स्वयंपाक सुचला नाही. नवरा म्हणाला, भाजीत मीठ नाही. मी म्हटलं, आज तसंच खा.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं नेहमीसारखं उतरलं. तात्या ओट्यावर बसले, घोंगडी ओढली, डोळे मिटले. मी झाडू घेऊन अंगणात आले. पाखरं बोलत होती. डेअरीचा टेम्पो येऊन गेला. तात्यांनी मान इकडे केली, तिकडे केली. मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले. बराच वेळ गेला, मग ते माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरी, आज ढोल न्हाई का?"

मी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "तात्या, मढी किती लांब आहे. इथवर ढोल ऐकू येईल का? ती काकूची भाकरीची थाप होती."

म्हातारा घोंगडी तिथंच टाकून उठला आणि आत गेला. मीही गेले, मला राहवलं नाही. काकू विझलेल्या चुलीपाशी बसली होती. हातात कोरा चहा, निवून गेलेला.

"आज भाकरी न्हाई?" तात्यांनी विचारलं.

"न्हाई."

"का गं?"

"अर्ध्या कोयत्याला कोन भाकरी घालतं?"

तात्यांची हनुवटी हलायला लागली. बिनदाताचं तोंड तसंही हलतं, पण हे वेगळं होतं. मग ते खाली बसले, पिठाचा डबा ओढला, परातीत दोन ओंजळी बाजरीचं पीठ घेतलं आणि पाणी जास्त ओतलं. काकू बघत होती. त्यांनी आणखी पीठ घेतलं. गोळा हाताला चिकटला, परातीला चिकटला, दाढीलाही लागला. मी चूल पेटवून दिली आणि दाराशी सरकले. तात्यांनी थाप मारली. एक. मग दुसरी. लय कुठंच नव्हती. भाकरी एका बाजूनं फाटली, तेव्हा त्यांनी फाटलेल्या जागेवर पिठाचं ठिगळ लावलं.

"तवाबी न्हवती आली, आताबी न्हाई," काकू म्हणाली.

"तवा म्या केली हुती तर," तात्या हळू म्हणाले. "वाकडीच झाली हुती. आन् तू म्हनली हुती, कडंला करपलीय."

"आटवलं?"

"हात पिठात घातला आन् आटवलं गं."

काकूनं पदर तोंडाला लावला. ती रडतेय की हसतेय ते मला कळेना, बहुधा दोन्ही. भाकरी तव्यावर पडली, एका बाजूला करपली, दुसरीकडं कच्ची राहिली. तात्यांनी कोनाड्यातली कवळी काढली, धोतराला पुसली आणि बसवली. मग भाकरीचे दोन तुकडे केले. मोठा तिच्यापुढं ठेवला. पहिला घास घेतला तशी कवळी कटकट वाजली.

तेवढ्यात झुंबरबाई दारात आली. हातात शेळीच्या दुधाचा तांब्या, रोजच्यासारखा. तिनं तात्यांचा हलणारा जबडा पाहिला आणि ती उंबऱ्यातच थबकली.

"तात्या," ती म्हणाली, "उपास सुटला व्हय?"

तात्या चावायचे थांबले. सगळ्या गावाचे हार, पाया पडणं, सगळं त्या एका घासात अडकलं होतं. त्यांनी काकूकडं पाहिलं.

काकू उठली. झुंबरबाईच्या हातातला तांब्या घेतला आणि दोघांच्या ताटातल्या भाकरीवर दूध ओतलं.

"त्यांचा कुटला उपास, झुंबरबाई," ती म्हणाली. "उपास माजा हुता. आज सुटला."