ज्योतीरामनं निवडलेली चाकं

भोसरीत तेव्हा कारखान्यांच्या शेड नुकत्या उभ्या राहत होत्या आणि मधल्या मोकळ्या रानात अजून ज्वारी पेरली जायची. त्या दिवसांत ज्योतीराम हनवते एका धर्मादाय दवाखान्याची जीप चालवायचा. माणूस परभणीकडचा. उंच, जरा लंगडत चालणारा, कामापुरतं बोलणारा. गावठाणात त्याची भाड्याची खोली होती. खोलीत स्टोव्ह, वळकटी आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर. शेजारच्या खोल्यांत शिफ्टवाले चौघं-पाचजण मिळून राहायचे, पत्ते कुटायचे, भांडायचे. ह्याच्या खोलीत दुसरं माणूस कधी राहिलं नाही.

दवाखान्याची जीप मोशी, कुरुळी, चाकण करत पुढं डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांपर्यंत जायची. जीपमध्ये माणसं दोनच, ज्योतीराम आणि नर्स सुभद्राबाई. सुभद्राबाई चिपळूणकडच्या. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. बुटक्या, अंगानं भरलेल्या, गुडघ्यांनी बेजार. त्या वाटभर बोलायच्या. माहेरच्या फणसाबद्दल, न उकळलेल्या सुयांबद्दल, दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरच्या अक्षराबद्दल. ज्योतीराम समोर बघत "हाव बाई" म्हणायचा. एवढ्या बोलण्यावर त्याचा आठवडा निघायचा. रविवारी दवाखाना बंद, की सोमवारी सकाळी जीप पुसताना घशातून पहिला शब्द नीट फुटत नसे.

चाकण ओलांडून डांबरी रस्ता सोडला की काळी माती लागायची. उन्हाळ्यात काही नाही, पण श्रावणात ती कणकेसारखी चाकांना चिकटायची. जीप पोटावर बसायची आणि चाकं जागच्या जागी गरगरायची. मग कुणाची तरी बैलजोडी बघा, दोर बांधा, ओढा. कित्येकदा अर्ध्या वाटेतून माघारी फिरावं लागे. वाडीतली माणसं पोरंबाळं घेऊन झाडाखाली वाट बघत बसायची आणि उन्हं उतरली की उठून जायची.

ज्योतीराम आधी लष्करात ड्रायव्हर होता. हिमालयातल्या रस्त्यांवर त्यानं छातीला लागतील एवढ्या चाकांचे ट्रक चालवले होते. चाक मोठं असलं की गाडी कुठंही जाते, हे त्याच्या मनात पक्कं बसलेलं. एक दिवस तो दवाखान्याच्या चिटणीसांसमोर, उद्धवरावांसमोर, जाऊन उभा राहिला.

"साहेब, जीपला मोठी चाकं बसवू म्हन्तो."

उद्धवराव शाळेतून निवृत्त झालेले, भले गृहस्थ. म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही, ज्योतीराम. तू बघ, तू ठरव."

तू ठरव, असं त्याला पुष्कळ वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. त्याचे रविवार एकदम भरून गेले. खडकीपासून कासारवाडीपर्यंत लष्करी भंगाराची दुकानं तो पालथी घालू लागला. हातात सुतळी. चाकाची उंची मोजायची, सुतळीला गाठ मारायची, घरी येऊन ती जीपच्या मडगार्डखाली धरून बघायची. कुठल्या रिमची भोकं जीपच्या बोल्टांना जुळतात, टायरची बटनं, म्हणजे खालचे रबरी उंचवटे, केवढी खोल आहेत, ह्यावर दुकानदारांशी तो चक्क गप्पा मारायला लागला.

कासारवाडीच्या इस्माईलभाईंचं टायरचं दुकान होतं. त्यांनी दोन टायर त्याच्यापुढं ठेवले. एक उंच पण अंगानं बारीक. दुसरा त्याहून उंच आणि चांगला रुंद, खाली बटनंच बटनं.

"हा बारीकवाला घे," इस्माईलभाई त्यावर हात ठेवून म्हणाले. "चिखल कापत खाली कडक जमिनीला जाऊन टेकतो. रुंदवाला चिखलावर तरंगतो खरा, पण तुझ्या जीपला तो जड. स्टेअरिंग जड, ब्रेक कमी लागणार, सगळा जोर एक्सलवर येणार. घोडा लहान आणि नाल मोठी, असं होईल बघ."

ज्योतीरामनं रुंद टायरवरून हात फिरवला. "ह्योच द्या."

रुंद टायर जुन्या रिमवर बसेनात, म्हणून भंगारातून रुंद रिम आणल्या. त्या बसवल्या तर पुरतं वळण घेताना टायर मडगार्डला घासू लागले. भोसरीतल्या एका वर्कशॉपात मडगार्डची कड कापून घेतली. जीप एवढी उंच झाली की सुभद्राबाईंना चढता येईना. त्यांनी दोनदा पाय उचलून बघितला आणि गुडघा धरून हसत खाली उभ्या राहिल्या. दुसऱ्याच दिवशी ज्योतीरामनं त्यांच्या बाजूला लोखंडी पायरी जोडून आणली.

"हत्तीवर बसल्यासारखं वाटतंय हो," सुभद्राबाई म्हणाल्या. "चिपळूणच्या माणसांनी बघायला हवं होतं."

त्या श्रावणात जीप कुठं म्हणून अडली नाही. चढावर दम लागायचा, खालचा गिअर टाकावा लागायचा, संध्याकाळी ज्योतीरामचे खांदे भरून यायचे. पण बैल मागायची वेळ आली नाही. बैलवाले बांधावरून बघायचे आणि जीप चिखल उडवत निघून जायची. ज्योतीराम गालातल्या गालात हसायचा.

भाद्रपदात एका सकाळी चाकणमध्ये तपासणी चालली असताना धोंडीबा धावत आला. पायथ्याच्या वाडीतला हा म्हातारा तिथून पळतच आलेला.

"नर्सबाई, चला. सून अडलीया. पहाटंपासनं कळा देतीया, सुटका न्हाई."

सून म्हणजे सरूबाई, तिची ही पहिलीच खेप. सुभद्राबाईंनी पिशवी उचलली. धोंडीबाला मागं बसवून ज्योतीराम निघाला. रस्ता सुटला, रान सुटलं, आणि वाडीच्या अलीकडचा ओढा आला. पाणी गुडघाभर, काठाला गाळ. जीप ओढ्यात उतरली, पलीकडच्या काठाला लागली आणि मागची चाकं गाळात रुतली. ज्योतीरामनं जोर दिला. चाकं फिरली, फिरली, आणि खालच्या दगडावर अचानक पकड मिळाली. गाडीखाली काडकन आवाज झाला. जाड फांदी मोडावी तसा. इंजिन ओरडत राहिलं, पण मागच्या चाकांत जीव उरला नाही. पुढच्या चाकांनी थोडी धडपड केली आणि तीही थांबली.

"काय झालं?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"एक्सल तुटला, बाई."

सुभद्राबाई साडी खोचून खाली उतरल्या. धोंडीबानं पिशवी डोक्यावर घेतली आणि ती दोघं चढ चढू लागली. सुभद्राबाई दर थोड्या वेळानं गुडघ्यावर हात टेकून थांबत होत्या. ज्योतीराम मागून म्हणाला, "मी उचलून नेतो, बाई." त्यांनी वळून न बघता हात हलवला. गाडीपाशी थांबा, पाणी चढलं तर ती वाहून जाईल, असं चढता चढताच म्हणाल्या.

मग तो एकटाच राहिला. ओढ्याचं पाणी त्या मोठ्या टायरांना वळसा घालून जात होतं. आपण काय निवडलं आणि का निवडलं, ह्याचा विचार करत तो दुपारभर काठावरच्या दगडावर बसला. बारीक टायरवर ठेवलेला इस्माईलभाईंचा हात त्याला सारखा दिसत होता.

ऊन कलल्यावर सुभद्राबाई बैलगाडीतून परत आल्या. बैलगाडीवाला जीप ओढायला ट्रॅक्टर बघतो म्हणून पुढं गेला. सुभद्राबाई ओढ्यात वाकून हात धुऊ लागल्या.

"बाळ गेलं," त्या म्हणाल्या. "सरू ठीक आहे."

ज्योतीराम दगडावरून उठला. "आपण येळेवर पोचलो असतो तर?"

"ते आधीच गेलेलं होतं, पोटातच."

हे त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी त्या धूतच होत्या. ते खरं होतं की त्याच्यासाठी बोललेलं होतं, हे ज्योतीरामला कधीच कळलं नाही. पुन्हा विचारायचा धीर त्याला झाला नाही.

ट्रॅक्टरची वाट बघत दोघं जीपमध्ये बसून होती. सुभद्राबाईही गप्प. ती शांतता ज्योतीरामलाच सोसवेना, म्हणून की काय, तो आपण होऊन बोलू लागला.

"बासष्टच्या लढाईत मी सापडलो होतो, बाई. शत्रूनं धरून नेलं. सुटून आलो तर पाय बर्फानं सडलेला, बोटं कापली. दवाखान्यात लई दिवस काढले. गावाकडं बेपत्ता म्हणून कळवलेलं. गावानं समजून घेतलं, मेला. कस्तुराचं, माझ्या बायकोचं, तिच्या बापानं दुसरं लगीन लावून दिलं."

"मग तुम्ही गेलात तेव्हा?"

"तिच्या दाराशी गेलो. ती अंगणात धुणं वाळत घालत होती. दिवस गेलेले दिसत होते. मला बघितलं आन् हातातलं लुगडं खाली पडलं तिच्या."

"काय म्हणाली?"

"काय म्हनंल? तिचा काय दोष? मी म्हनलं, चुकलो, दुसऱ्या घरी आलो. आन् फिरलो. तडक पुण्याची गाडी धरली."

सुभद्राबाईंनी पदरानं तोंड पुसलं. त्या म्हणाल्या, "निदान पाणी तरी मागायचं होतंत, ज्योतीराम. तिला देता आलं असतं."

हा विचार त्याच्या मनात कधी आलाच नव्हता.

पुढच्या आठवड्यात तो इस्माईलभाईंकडं गेला. "तुमी म्हनलं होतं ते द्या," एवढंच बोलला. इस्माईलभाईंनी एका शब्दानंही टोमणा मारला नाही. एक्सल नवा पडला, उंच बारीक टायर आले, जुन्या रिम परत बसल्या. जीप थोडी खाली आली. चिखलात ती आता झोकात जात नसे. कुरकुरत, माती कापत जायची, पण पोचायची. दोन वर्षांनी सरूबाई पुन्हा बाळंत झाली तेव्हा जीप तिच्या दारात उभी होती. मुलगी झाली. धोंडीबानं टायरवर गूळपाणी शिंपडलं.

त्या ओढ्याकाठच्या बोलण्यानंतर सुभद्राबाई डब्यात एक भाकरी जास्तीची आणू लागल्या. कस्तुराचा विषय त्यांनी कधी काढला नाही. ज्योतीरामच्या मनात एक गोष्ट यायला लागली होती. ती मनात आली की तो गिअर बदलायचा, आरशात बघायचा, काच पुसायचा. बोलायचं कसं, हे त्याला ठाऊक नव्हतं. बाईंची जात वेगळी, वय त्याच्यापेक्षा थोडं जास्त, आणि लोक काय म्हणतील, ते तर आलंच. असे पावसाळ्यांमागून पावसाळे गेले.

अठ्ठ्याहत्तर साली सुभद्राबाई निवृत्त झाल्या. भाच्यानं चिपळूणला बोलावलं होतं. त्यांची ट्रंक आणि वळकटी जीपमध्ये टाकून ज्योतीराम त्यांना स्वारगेटला सोडायला गेला. वाटेत त्या एकदाही बोलल्या नाहीत. एसटीत सामान चढवून तो खिडकीखाली उभा राहिला.

"काही म्हणायचंय का, ज्योतीराम?" त्यांनी विचारलं.

"न्हाई बाई. गुडघ्याला जपा."

"बरं," त्या म्हणाल्या आणि थोडं थांबून पुन्हा म्हणाल्या, "बरं."

एसटी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो उभा होता. मग कुणीतरी जीप काढायला सांगितली.

पुढं वाड्यांपर्यंत खडीचा पक्का रस्ता झाला, कुरुळीत सरकारी नर्स आली आणि दवाखान्यानं फेऱ्या बंद केल्या. जीप एका खाणवाल्यानं विकत घेतली. ज्योतीराम भोसरीतल्या एका कंपनीची बस चालवू लागला. बसमध्ये पन्नास माणसं असायची. सगळी एकमेकांशी बोलायची. उतरताना एखादा "चला मामा" म्हणायचा.

एक्याऐंशीच्या हिवाळ्यात जयसिंग नावाचा एक तरुण ठेकेदार त्याला शोधत खोलीवर आला. नवी जीप घेतली होती, मोठी चाकं बसवायची होती. कुणीतरी ज्योतीरामचं नाव सांगितलेलं. ज्योतीरामनं त्याला बाजेवर बसवलं, चहा ठेवला.

"कसल्या रानात घालायची?" त्यानं विचारलं. "काळी माती, मुरूम, का दगड?"

"रानात कशाला, मामा? चाकण-पुणे करायचं. गाडी जरा दिसली पाहिजे."

ज्योतीराम हसला. मग दिसायला कुठलं टायर बरं, मडगार्ड किती कापावं लागेल, स्टेअरिंग किती जड होईल, हे सगळं त्यानं सांगितलं. जयसिंगनं एक विचारलं, तर त्यानं चार सांगितली. चहा संपला, तरी तो सांगत होता. शेवटी जयसिंगनं घड्याळाकडं बघितलं.

"येतो मामा. लई माहिती दिलीत."

"परत या," ज्योतीराम म्हणाला. "टायर बसवले की दाखवायला आना."

"आणतो की," म्हणून जयसिंग गेला. तो काही आला नाही. त्याची जीप पुढं नाशिक फाट्याला दोन-तीनदा दिसली, रुंद टायरांची, चकचकीत. बस चालवता चालवता ज्योतीरामनं खिडकीतून हात केला होता. पण गर्दीत त्या पोराचं लक्ष गेलं नसावं.