आणणाऱ्याचे नाव

रुग्णवाहिकेतले डॉक्टर ताकसांडे रुग्णाला यवतमाळच्या अपघात विभागात सोपवल्यावर लगेच निघत नसत. नोंदवहीपाशी उभे राहून कारकुनाच्या पेनाकडे पाहत. 'आणणारे' या रकान्यात कारकून बावणे सवयीने 'गाडी' लिहीत. ताकसांडे त्यावर बोट ठेवत.

"बावणेभाऊ, गाडीले रमेशभाऊ आनते. पेशंटले मी आनतो. लिहा, डॉक्टर ताकसांडे."

बावणे खोडून लिहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'गाडी'. 'रुग्णवाहिकेने दाखल केले' असे बातमीत छापले, की आम्हा वार्ताहरांचीही ते अशीच हजेरी घेत.

या आग्रहाला कारण होते. चालक रमेशभाऊ उंच, भरदार, चष्मेवाले. ताकसांडे किरकोळ बांध्याचे, कायम स्ट्रेचरचे टोक धरलेले. गावात गाडी थांबली की लोक रमेशभाऊंना हात जोडत आणि ताकसांडेंना म्हणत, "ओ गाडीवाले, सरका थोडं, डॉक्टरले जाऊ द्या." रमेशभाऊ अत्यंत गंभीरपणे ताकसांडेंकडे बोट दाखवत. नेरच्या एका म्हाताऱ्याने नाडी पाहून घेता घेता विचारले, "तुमी कंपाउंडर का?"

"डॉक्टरच हावो बाबाजी. खुर्ची नाही न माह्यापाशी, म्हनून दिसून नाही राह्यलं."

रुग्णाला मात्र ते चिडून नव्हे, नियमाने नाव सांगत. शुद्ध असो वा नसो, कानाशी वाकून. "घाबरलेल्या मानसाले सोबत कोन हाय ते समजलं पायजे," असे त्यांचे म्हणणे. रमेशभाऊ म्हणत, "साहेब निवडनुकीले उभे हायेत."

आर्णीजवळ कापूस वेचताना मंदाबाईंना साप चावला. आर्णीच्या दवाखान्यात विषावरचे औषध सुरू करून त्यांना रुग्णवाहिकेने यवतमाळला पाठवले. वाटेत पापण्या मिटल्या, हातपाय लुळे पडले, श्वास थांबू लागला. ताकसांडेंनी तोंडावर मास्क धरला आणि रबरी फुगा दाबायला सुरुवात केली. यवतमाळ येईपर्यंत हात थांबला नाही, तोंडही नाही. "मंदाबाई, मी डॉक्टर ताकसांडे. तुमचा श्वास मी घेऊन राह्यलो. भेऊ नका."

बावणेंनी विचारले, "आणणारे?" फुगा दाबत ताकसांडे स्ट्रेचरसोबत आत निघून गेले. बावणेंनी 'गाडी' लिहिले. त्या दिवशी बोट ठेवायला कोणी आले नाही.

मंदाबाई वाचल्या. महिनाभराने नवऱ्यासोबत विभागात आल्या आणि दारातल्या रमेशभाऊंच्या थेट पाया पडल्या. "डॉक्टर ताकसांडे, तुमच्यामुळं हावो मी."

रमेशभाऊंनी सवयीने बोट दाखवले. बाईंचा विश्वास बसेना. त्यांनी त्या दिवशी कोणाचाच चेहरा पाहिला नव्हता.

ताकसांडे पुढे आले. "मंदाबाई, भेऊ नका."

बाई आवाजाकडे वळल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "हेच. डोये उघडत नोयते, पन आयकू येत होतं सारं. हे डॉक्टर. थे गाडीवाले."

"गेली माही डॉक्टरकी," रमेशभाऊ म्हणाले.

बावणेंनी न सांगता जुने पान काढले आणि पेनाचे टोपण उघडले. ताकसांडेंनी वही मिटली.

"राहू द्या, भाऊ. तिले मालूम हाय."

त्या पानावर अजून 'गाडी'च आहे.